पोशाख आणि प्रकृतिभेद

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार कथन केले आहेत त्यांपैकी आहार्य अभिनय हा वेषभूषा, अलंकार, रंगलेपन इत्यादी बाह्य सामग्रीचा होय; आणि या सामग्रीत वस्त्रांचा विचार करताना शास्त्रकाराने त्यांचे शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन वर्ग पाडून कोणत्या पात्राने कोणत्या प्रसंगी काय ल्यावे याची व्यवस्था लावून दिली आहे. देवदर्शनास निघालेला किंवा व्रतस्थ असलेला मनुष्य शुद्ध वस्त्रांत, देव, राजे आणि शृंगारप्रिय नायक विचित्र म्हणजे बहुरंगी वस्त्रांत, आणि उन्मत्त, मद्यपी, वाटसरू व विपत्तीत सापडलेले लोक मलिन वस्त्रांत असावेत, असा एकंदर दंडक आहे. या दंडकात बारकाईने पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसेल, ती ही की त्यात स्वभाव आणि प्रसंग यांची सरमिसळ झालेली आहे: शृंगारप्रियता हा स्वभाव आहे, परंतु वाटसरू असणे हा केवळ प्रसंग आहे, आणि धुळीने मळलेले वस्त्र वाटसरूच्या अंतःकरणाविषयी काहीच सांगत नाही. रंगभूमीवर ही सरमिसळ चालून जाते, कारण तेथे पात्राचा स्वभाव आणि पात्राची पेटी या दोहोंच्या किल्ल्या एकाच हाती असतात. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्समधील तीस स्वभावचित्रे रेखाटली, त्यांत गावंढळ मनुष्याचे वर्णन करताना त्याचे पायताण त्याच्या पायांस मोठे होते असा उल्लेख आहे. तो वाचून आपल्याला हसू येते आणि चित्र पटतेही. परंतु प्रत्यक्ष अथेन्समध्ये मोठे पायताण घालून हिंडणाऱ्यांपैकी गावंढळ किती आणि थोरल्या भावाचे जुने जोडे वापरणारे गरीब किती, याची मोजदाद थिओफ्रास्टसने केली नव्हती, व त्याला ती करण्याची गरजही नव्हती.

ही मोजदाद करण्याचा उद्योग विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनी आरंभला, आणि त्यांच्या मागोमाग कापडाच्या व्यापाऱ्यांनीही. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने 1921 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी रूढ केली. तिच्या आधारावर अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी, ज्यांपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, मनुष्यमात्राची सोळा प्रकारांत वाटणी करणारी एक प्रश्नावली सिद्ध केली. पुढे या सोळा प्रकारांना एकेक कपाटही नेमून देण्यात आले. अंतर्मुखाने करड्या आणि निळसर रंगांचे साधे सुती कपडे वापरावेत, बहिर्मुखास लाल-पिवळे शोभतात, विचारप्रधान मनुष्यास सरळ रेषांची व भावनाप्रधान मनुष्यास वळणदार आकृतींची आवड असते, असे सल्ले आज फॅशनविषयक मासिकांच्या पानोपानी आढळतात. आणि वाचणारास ते आपल्यालाच उद्देशून लिहिले आहेत असे वाटते, हे त्यांच्या लोकप्रियतेचे खरे रहस्य आहे.

या वाटण्याची परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. 1948 साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातील 39 विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेऊन प्रत्येकास त्याचे स्वतंत्र स्वभाववर्णन लिहून दिले, आणि ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी 4.26 भरली. नंतर उघड झाले की सर्वांच्या हाती एकच मजकूर पडला होता, आणि तो बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तुम्हांला लोकांत मिसळणे आवडते तथापि कधी कधी एकांत हवासा वाटतो, अशा धाटणीचे वाक्य कोणास लागू पडणार नाही? त्यातून, अंतर्मुखता व बहिर्मुखता हे दोन निरनिराळे ढीग नसून एकाच मापनपट्टीची दोन टोके आहेत, आणि बहुसंख्य माणसे त्या पट्टीच्या मध्यावर दाटीवाटीने उभी असतात. त्यामुळे मध्यरेषेच्या किंचित अलीकडे उभ्या असलेल्या गृहस्थास करडा सदरा आणि किंचित पलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या शेजाऱ्यास तांबडा सदरा बहाल करणारी पद्धती शास्त्राच्या दरबारात फार काळ टिकत नाही. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली असता पुष्कळांचा प्रकारच बदलतो, हा या पद्धतीवरील जुना आक्षेप आहे, आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही.

मग स्वभावाचा आणि पोशाखाचा काही संबंधच नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकास जाण्यासारखे होईल. माझ्या मते संबंध आहे, परंतु तो शोधण्याची जागा चुकते. मनुष्य अंगावर काय घालतो हे ठरविण्यात हवामान, उत्पन्न, जात, धर्म, वय, लिंग, पेशा आणि गावातील चालीरीती यांचा वाटा इतका मोठा असतो की स्वभावाच्या वाट्यास उरते ती थोडीशी मुभा. आणि स्वभाव पाहावयाचा तर तो या मुभेच्या हद्दीत पाहिला पाहिजे. पेशवाईत आणि त्यानंतरही दीर्घकाळ, कोणी कोणत्या घाटाचे पागोटे घालावे हे त्याच्या जन्माने आणि जहागिरीने ठरत असे. ब्राह्मणी चक्री पगडी, शिंदेशाही, होळकरशाही हे घाट पाहून माणसाचे कूळ आणि चाकरी ओळखता येई, परंतु तो प्रेमळ होता की कलहप्रिय याचा बोध पगडीवरून होत नसे. तो बोध व्हावयाचा असेल तर पगडी किती काळजीने बसविली आहे, उपरण्याची घडी मोडली आहे की नाही, आणि घरी परतल्यावर ती पगडी खुंटीवर जाते की कोनाड्यात भिरकावली जाते, हे पाहणे भाग होते. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांतून मामलेदारापासून कारकुनापर्यंत सर्वांचा पोशाख दस्तुराने ठरलेला असे, तरीसुद्धा एकाच दफ्तरात एकाच पगाराचे दोन कारकून शेजारी बसलेले असता एकाच्या कोटाच्या बाह्यांवर शाईचे डाग आणि दुसऱ्याच्या धोतराच्या निऱ्या मात्र मोजून घातल्यासारख्या, हे दृश्य दुर्मिळ नव्हते. शाळकरी मुलांचा गणवेश तर सर्वांस सारखे करण्यासाठीच असतो. आणि तरीही वर्गातली निम्मी स्वभाववैशिष्ट्ये बटणे, कॉलर आणि मोजे एवढ्या सामग्रीतून शिक्षकांच्या ध्यानात येतात.

ही मुभा पूर्वी विशेषेकरून शिंप्याच्या दुकानात खर्ची पडत असे. कापड बहुधा गावच्या एका-दोन दुकानांतूनच घ्यावयाचे, मापे शिंप्याच्या वहीत वर्षानुवर्षे लिहिलेली, शिलाईचा दर ठरलेला. तथापि बगलेत थोडे सैल ठेवा, खिसा आतल्या अंगाने द्या, उंची दोन बोटे जास्त धरा म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येईल, या सूचनांत गिऱ्हाइकाचा सारा पिंड उतरे. आतल्या खिशाचा आग्रह धरणारा मनुष्य आणि दोन बोटे कापड दुमडून ठेवणारा मनुष्य यांची प्रकृती त्या सोळा प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसवावी हे मला सांगता येणार नाही, परंतु गावच्या शिंप्यास ती ठाऊक असे. तयार कपड्यांनी हा व्यवहार संपुष्टात आणला. आता निवड चाळीस सदऱ्यांतून करावयाची असते, आणि निवड वाढली म्हणून मुभा वाढली असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः ते चाळीसही सदरे त्या हंगामाच्या एकाच फॅशनचे असतात.

पोशाखाकडे पाहण्याच्या मनोवृत्तीचा पहिला व्यवस्थित अभ्यास माझ्या समजुतीप्रमाणे इंग्रज मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगल याने केला, आणि त्याचा 1930 साली प्रसिद्ध झालेला वस्त्रांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ आजही वाचनीय आहे. फ्लूगल हा फ्रॉइडच्या संप्रदायातला असल्यामुळे त्याच्या ग्रंथातील काही पाने आज चमत्कारिक वाटतात, आणि टोपी, जोडे, गळपट्टा यांच्या ठायी त्याने जी प्रतीके शोधली आहेत ती वाचकाने चिमूटभर मीठ लावूनच घ्यावीत. परंतु निरीक्षणाची त्याची दृष्टी तीक्ष्ण होती, आणि तो केवळ ग्रंथपंडित नव्हता. लंडनमध्ये 1929 साली पुरुषांच्या पोशाखात सुधारणा करण्यासाठी जो पक्ष निघाला, ज्याचे म्हणणे होते की ताठ कॉलर आणि जाड लोकरी कोट यांच्या जाचातून पुरुषांची मुक्तता झाली पाहिजे, त्याचा तो कार्यकर्ता होता. मनुष्य वस्त्रे वापरतो ती शोभा, लज्जा आणि संरक्षण या तीन हेतूंनी, असे त्याने मांडले. त्यांपैकी शोभा आणि लज्जा यांचे परस्परांशी वैर असल्यामुळे प्रत्येक पोशाख हा त्या दोहोंतील तडजोडीचा करारनामाच असतो, हे त्याचे म्हणणे मला विशेष मार्मिक वाटते. कारण ज्या स्त्रीने डोक्यावरून पदर घेतला आहे तिच्या पदराला जर जरीचा काठ असेल, तर तिने लज्जा आणि शोभा या दोन्ही धन्यांची चाकरी एकाच हालचालीने केलेली असते.

याच ग्रंथात फ्लूगलने व्यक्तिभेदांची चर्चा करताना नऊ वृत्ती वर्णिल्या आहेत, आणि येथे त्याने केलेली चलाखी लक्षात घेण्यासारखी आहे. अमुक स्वभावाचा मनुष्य अमुक रंग वापरतो असे तो म्हणत नाही. कपडा अंगाला लागल्यावर मनुष्यास काय वाटते, यावरून तो माणसे वेगळी करतो. बंडखोर वृत्तीच्या माणसास कपडा म्हणजेच बंधन वाटते, आणि त्याला संधी मिळताच तो कॉलर सैल करतो. शरणागत वृत्तीचा मनुष्य हीच अडचण सोसतो, पण सोसण्यापलीकडे काही करता येईल असे त्याच्या मनात येत नाही. काहींना कपड्याविषयी काहीच वाटत नाही, आणि काहींना देहाच्या लाजेमुळे फार वाटते. कर्तव्यनिष्ठ वृत्तीच्या मनुष्यास ताठ आणि घट्ट कपडा म्हणजे आपल्या जबाबदारीचे चिन्ह वाटते, सैलपणा त्याला नीतीच्या ढिलाईसारखा भासतो. मे महिन्याच्या उन्हात बंद गळ्याच्या कोटाची सर्व बटणे लावून पाठ देणारे मास्तर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या वर्णनासाठी इंग्लंडात जाण्याची गरज नाही. संरक्षणप्रिय मनुष्यास थंडीची विलक्षण धास्ती असते आणि ऊब त्याला मायेसारखी वाटते. पुण्यात दिवाळी सरते न सरते तोच कानटोपी आणि मफलर काढणारी मंडळी या सदरात घालण्यास हरकत नाही, मग हवेतला गारवा कितीही नाममात्र असो. आधारप्रिय मनुष्यास घट्ट कपडा करकचून बांधला म्हणजेच अंगात बळ आल्यासारखे वाटते, आणि कासोटा मारून कामास लागणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना व फेटा आवळून कुस्तीच्या फडावर येणाऱ्या पैलवानांना हा अनुभव शिकवावा लागत नाही. उरलेल्यांत देहाचे कौतुक वस्त्रांकडे वळवून त्यातच रमणारे लोक येतात, आणि स्वतःच्या पोशाखावर अतोनात प्रसन्न असणारेही येतात. या शेवटच्या वर्गाविषयी फ्लूगलने फारसे लिहिले नसते तरी चालले असते, कारण ते स्वतःविषयी पुरेसे बोलतातच.

फ्लूगलच्या या वर्णनांना आकड्यांचा भक्कम पाया नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याने प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला. तोच प्रश्न पुढे वेगळ्या अंगाने, आणि अधिक काटेकोरपणे, मार्क स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विचारला. 1974 साली त्याने स्वनिरीक्षणाची एक मापनपट्टी तयार केली; तिच्यात मनुष्य अंतर्मुख की बहिर्मुख हे न विचारता, समोरच्या माणसांकडे पाहून तो आपले वागणे किती बदलतो हे विचारले होते. काही माणसे प्रत्येक प्रसंगी येथे कसे असणे शोभेल याचा अंदाज घेऊन स्वतःस त्याप्रमाणे घडवितात. दुसऱ्या काहींना, आपण आतून जसे आहोत तसेच बाहेर दिसावे, याखेरीज दुसरा विचार सुचत नाही. पहिल्या जातीच्या मनुष्याच्या कपाटात लग्नाचा, सभेचा, सहलीचा आणि शोकप्रसंगाचा पोशाख वेगवेगळा असतो आणि तो प्रत्येकात सारखाच सहज वावरतो, तर दुसरा मनुष्य लग्नाला जातो तोही रोजच्याच सदऱ्यात, फार झाले तर इस्त्री करून. पुढे स्नायडर आणि डिबोनो यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पहिल्या वर्गातील लोकांना वस्तूची प्रतिमा रंगविणारी जाहिरात आवडते व दुसऱ्या वर्गातील लोकांना वस्तूचे गुण सांगणारी. लक्ष्मी रोडवरील किंवा दादरच्या कोणत्याही जुन्या दुकानातील विक्रेत्यास हा सिद्धांत न वाचताच अवगत असतो: गादीवर बसलेल्या एका बाईंना तो म्हणतो की हा रंग तुम्हांला फार खुलून दिसेल, आणि तेच लुगडे त्यांच्या शेजारच्या बाईंपुढे टाकताना म्हणतो की आक्का, दहा वर्षे धुवा, काठ जाणार नाही.

स्नायडरचा हा भेद ध्यानात घेतला म्हणजे पोशाखावरून स्वभाव ओळखण्याच्या कामातली मुख्य अडचण उघड होते. ज्याचा पोशाख त्याच्या अंतःकरणाशी इमान राखून असतो त्याचा पोशाख वाचता येतो. ज्याचा पोशाख प्रसंगाशी इमान राखतो त्याच्याविषयी एवढेच कळते की तो प्रसंग ओळखतो, आणि हेही काही थोडे ज्ञान नव्हे. तथापि अनोळखी माणसाकडे नुसते पाहून त्याच्याविषयी काही खरे सांगता येते की नाही, याचीही तपासणी झाली आहे. लॉरा नॉमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांची संपूर्ण उंचीची छायाचित्रे अपरिचितांना दाखविण्यात आली. काही छायाचित्रांत माणसे ठरवून दिलेल्या ताठ पवित्र्यात व निर्विकार चेहऱ्याने उभी होती, आणि काहींत आपापल्या मर्जीप्रमाणे. ताठ उभ्या केलेल्या माणसांविषयीही पाहणाऱ्यांनी बहिर्मुखता, आत्मप्रतिष्ठा आणि धार्मिकता यांचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर केले, आणि मर्जीप्रमाणे उभे राहू दिल्यावर तर बहुतेक सर्वच गुणांचे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पोशाखातून काही अंशी स्वभाव कळतो, ही एक. आणि त्याच पोशाखातला देह कसा उभा आहे, हसतो आहे की नाही, हे कळल्यावर त्याहून पुष्कळ अधिक कळते, ही दुसरी. म्हणजे पुन्हा काय घातले यापेक्षा घालून कसे वावरले, याच मुद्द्यावर आपण येतो.

उलट दिशेचा, म्हणजे वस्त्रे माणसाचे मन घडवितात काय, हा प्रश्न अधिक मोहक आहे आणि म्हणूनच अधिक सावधपणे हाताळावयास हवा. अॅडम आणि गॅलिन्स्की यांनी 2012 साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की पांढरा कोट डॉक्टरचा आहे असे सांगून अंगात घालावयास दिला असता माणसांचे अवधान वाढते, आणि तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून दिला तर वाढत नाही. वर्तमानपत्रांनी या निष्कर्षाला डोक्यावर घेतले, आणि नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या तरुणांना कोणता कोट घालावा याचे उपदेश त्याच्या आधाराने छापले गेले. पुढे 2019 साली इतर संशोधकांनी त्यांतील एका प्रयोगाची फेरतपासणी केली, तेव्हा तोच परिणाम पुन्हा आढळला नाही. नव्या कोऱ्या कपड्यांत मनुष्य काही वेळ निराळ्या डौलात चालतो हे कोणी नाकारणार नाही, परंतु कोट चढवून बुद्धी चढविता येते असे मानण्यास सध्या तरी पुरावा अपुरा आहे.

आता ज्याच्या पोशाखाची संपूर्ण कैफियत उपलब्ध आहे असा एखादा मनुष्य घेऊन हे सारे ताडून पाहावे, म्हणजे प्रकारांच्या कोष्टकाची मर्यादा स्पष्ट होईल. मोहनदास गांधी नावाचा तरुण 1888 साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेला आणि तेथे त्याने 19 शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर 10 पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवविला, थोरल्या भावाकडून घड्याळाचा सोन्याचा दुपदरी गोफ मागविला, आणि आरशापुढे गळपट्टा बांधण्याचा अभ्यास केला. हाच मनुष्य 1915 साली मुंबईस उतरला तो काठियावाडी अंगरखा, धोतर आणि फेटा या वेषात. आणि 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराई येथे त्याने टोपी-बंडीही टाकून पंचा स्वीकारला. कोणत्याही प्रश्नावलीने या तीन पोशाखांच्या धन्यांस तीन भिन्न प्रकृतींत टाकले असते. परंतु आत्मकथेत गांधींनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की लंडनमधील सभ्यपणाचे वेड तीनेक महिन्यांत ओसरले तरी पोशाखातील टापटीप पुढे कित्येक वर्षे टिकली. आणि मदुराईचा निर्णय पाहावा तर त्याचीही भाषा एखाद्या हिशेबी माणसाची आहे: टोपी आणि बंडी यांचा त्याग निदान 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे मुदत ठरवून, प्रयोगादाखल केलेला. लंडनमध्ये पै-पैचा हिशेब लिहिणारा, आहाराचे प्रयोग मुदतीने करणारा आणि केलेली गोष्ट नेटकेपणाने करणारा जो मनुष्य होता तोच मदुराईत पंचा नेसला; वस्त्र पार बदलले आणि वस्त्राकडे पाहण्याची रीत तशीच राहिली. हा दाखला मला शेकडो कोष्टकांहून अधिक बोलका वाटतो.

याच्या जोडीला महाराष्ट्रातील आणखी दोन प्रसंग ठेवावेसे वाटतात, कारण ते उलट दिशेने सावध करतात. जोतीराव फुले हे बांधकामाची कंत्राटे घेणारे, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद राहिलेले प्रतिष्ठित गृहस्थ होते. 1888 साली हरि रावजी चिपळूणकर यांनी राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि दागदागिन्यांनी मढलेली येथील मंडळी म्हणजे हिंदुस्थानची प्रजा नव्हे, असे त्यांनी राजपुत्रास भर सभेत सुनावले. तो वेष त्यांच्या आवडीचा नव्हता, युक्तिवादाचा होता. महाडला डिसेंबर 1927 मध्ये भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना जे आवाहन केले त्यातही हेच दिसते: लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि कथलाच्या दागिन्यांचे जे ओझे अंगावर वागवून तुमची जात दुरून ओळखू येते, ते टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळ स्त्रिया नव्या पद्धतीने नेसून मंडपात आल्या. ज्या समाजाला नीट लुगडे नेसण्याचीही मुभा गावाने दिलेली नाही, त्यातील व्यक्तींच्या पोशाखातून त्यांचा स्वभाव वाचू पाहणे म्हणजे कैद्याच्या कपड्यांवरून त्याची अभिरुची ठरविण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या स्वतःच्या सुटाचा अर्थही याच अंगाने लावावा लागतो. त्यांना चांगल्या कपड्यांची आवड नव्हती असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्या सुटाने जे हजारो लोकांना सांगितले ते आवडीच्या पलीकडचे होते.

स्त्रियांच्या बाबतीत ही मुभा नेहमीच आणखी आखूड राहिलेली आहे. बायकांनी जाकिटे घालावीत की नाहीत, यावर आगरकरांना 'सुधारक' पत्रातून हिरीरीने लिहावे लागले, आणि लिहिणारा व त्याच्याशी भांडणारे, बहुतेक सर्व पुरुषच होते. या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातील वर्तनक्रम पाहण्यासारखा आहे. 1883 साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी जाहीर ग्वाही दिलेली होती. तेव्हा तिकडच्या बायकांप्रमाणे झगा घालण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद करून घेतली होती. परंतु नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, आणि पेनसिल्व्हानियाचा हिवाळा कोणाच्या ग्वाहीची भीड धरीत नाही. लुगडे टाकले तर वचन मोडते, न बदलावे तर प्रकृती ढासळते, आणि सासरमाहेरच्या लोकांची टीका तर दोन्हीकडून ठरलेली. त्यांनी लुगडे ठेवले आणि नेसण्याची तऱ्हा बदलली: गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी साडी त्या नेसू लागल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला हवामान, धर्म, नवरा आणि परदेश या चौघांनी मिळून जी तसूभर जागा ठेवली होती, तेवढ्या जागेत केलेली ही निवड होती. आणि 1885 साली जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबूली या सहाध्यायिनींसह काढलेल्या छायाचित्रात त्या साडीतच बसलेल्या आहेत.